डाव्या कोपऱ्याशिवायची फायनल

आमच्या कबड्डी मंडळाला पन्नास वर्षं होणार, म्हणून हल्लीचे पदाधिकारी माझ्या ओसरीवर येऊन बसले. पदाधिकारी म्हणजे आमच्या वेळच्या गड्यांची नातवंडं. त्यांना मंडळाच्या इतिहासातल्या महत्त्वाच्या तारखा पाहिजे होत्या, फ्लेक्सवर छापायला. मी म्हटलं, बाबांनो, आम्ही तारखांनी काही लक्षात ठेवलेलं नाही. मंडळ निघालं ते मोठ्या दुष्काळात. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी अंगात रग उरलीच तर तिथंच रेघा मारून खेळायचं, असं ते सुरू झालं. त्याची तारीख कोण लिहून ठेवतो? पहिला मार खाल्ला तो शेजारच्या गावच्या जत्रेत. तो सामना आम्ही हरलो, पण नंतरच्या हाणामारीत बरोबरी केली. आणि पहिली ढाल आली ती एका माघात, सांगलीच्या मैदानावर, गुळाचा हंगाम जोरात असताना. एवढं सांगतोय तोच त्यातला एक चुणचुणीत पोरगा म्हणाला, "आजोबा, ढालीच्या फोटोत तुम्ही कसे नाही?"

मंडळाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस तो. मी संघाचा डावा कोपरा. आणि फोटोत मी नाही. पोरांना चहा पाजून मी वाटेला लावलं. राग आला होता. इतक्या वर्षांनीही येतो, त्याला माझा इलाज नाही.

आमचं गाव कडेगावच्या अलीकडे, फाट्यापासून आत. आमचा कप्तान माझा शेजारी आणि भावकीतला. दोन घरांच्या मधे एक कुडाची भिंत. त्याच्या आईला मी काकी म्हणायचो आणि माझ्या घरी कोरड्यास बेचव झालं की सरळ तिच्या चुलीपुढे जाऊन बसायचो. त्या माघात कप्तानाचे वडील मिरजेला दवाखान्यात होते. पोटाचं ऑपरेशन झालं होतं. जवळ कप्तानाचा चुलता राहिला होता. काकीला जाता आलं नव्हतं, कारण म्हैस व्यायला झाली होती आणि घरात धाकटी पोरं. आम्ही स्पर्धेला निघालो तेव्हा ती फाट्यापर्यंत चालत आली होती. ढालीबद्दल एक शब्द बोलली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "मालकास्नी डोळ्यानं बगून ये आन खरं काय ते मला सांग. ह्यो माझा पोरगा गोड गोड सांगंल."

सांगलीत पोहोचल्यावर आम्ही सगळेच मिरजेला जाऊन आलो. वडील उशीला टेकून बसले होते, पेज पीत होते. रंग पिवळा पडला होता, पण आवाज खणखणीत. सगळं बरं होतं. काकीला सांगायला माझ्याकडे चांगला निरोप होता.

आम्ही खेळत होतो पंचावन्न किलोच्या गटात. वजन रोज सकाळी द्यावं लागायचं. स्पर्धेवाल्यांनी गूळ बाजारातल्या एका अडतीतून मोठा काटा मागून आणला होता, साखळ्यांना टांगलेल्या दोन पारड्यांचा. एका पारड्यात लोखंडी वजनं आणि दुसऱ्यात गडी मांडी घालून बसायचा. रोज ज्यात गुळाच्या ढेपा चढायच्या त्यात आम्ही चढत होतो, त्यामुळे मांड्यांना मुंग्या चावायच्या. पहिले दोन दिवस सगळे पास झालो. सेमीफायनल मारली त्या रात्री आमच्याकडच्या गुळाचा एक अडत्या खूश झाला आणि त्यानं संघाला घरी नेऊन गुळाच्या पोळ्या घातल्या. वर तूप. कप्तान आमचा चढाईचा वाघ, तसा खाण्यातलाही होता. सकाळी तो पारड्यात बसला आणि पारडं धाडकन जमिनीला टेकलं.

पंचांनी बारापर्यंतची मुदत दिली. आमच्या वस्तादांनी त्याला घोंगड्यात गुंडाळून नदीकाठच्या वाळूत पळवला. तोंडात चिंच धरून थुंकायला लावलं. पाण्याचा थेंब नाही. आणि वस्तादांचा एक जुना नियम होता, एक उपाशी तर सगळे उपाशी. म्हणून आम्हीही सकाळपासून कोरडे. परत काट्यावर गेलो, तर पारडं खाली टेकत नव्हतं, पण वरही जात नव्हतं. मूठभर वजनाचा प्रश्न राहिला होता. फायनलला समोर मिलचा संघ होता, खेळासाठीच नोकरीवर घेतलेले, पगारी गडी. कप्तानाशिवाय त्यांच्यापुढे उभं राहणं म्हणजे नुसती हजेरी लावणं.

वस्ताद त्याच्या डोक्याकडे बघत राहिले. केस दाट, तेलानं चोपलेले, आणि मिशी अशी की दोन्ही बाजूंनी लिंबू ठेवावं.

"भादर," वस्ताद म्हणाले.

कप्तानानं मिशीवर हात ठेवला. मग म्हणाला, "आवं वस्ताद, बा जिता हाय माझा."

आमच्याकडे बाप गेल्यावरच पोरगा डोकं आणि मिशी उतरवतो. बाप जिवंत असताना कुणी तो विचारही मनात आणत नाही. हे वस्तादांना काय माहीत नव्हतं? पण त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त ते पारडं होतं. "केसं हायती. म्हैनाभरात येतील. ढाल परत येनार न्हाई," ते म्हणाले. आणि खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे पारडं होतं. आम्हीच त्याला घेऊन घाटावर गेलो.

घाटावर न्हावी बसलेलेच असतात. कप्तान पायरीवर उकिडवा बसला. डोकं झालं, मिशी गेली, मग अंगाला चिकटलेले केसही जावेत म्हणून त्याला थंडगार पाण्यात बुडी मारायला लावली. ओल्या लंगोटावर कुडकुडत तो वर आला. बाजूला आम्ही सगळे माना खाली घालून बसलेलो, पोटात कावळे ओरडत असलेले. आता डोळ्यांपुढे आणलं की मलाही ते कसं दिसत असेल ते कळतं. तेव्हा कळलं नाही.

बाराच्या आत तो पारड्यात बसला आणि पारडं वर गेलं. आम्ही आरडाओरडा केला, कप्तानाला पंचांकडे सही करायला सोडून चहाच्या गाड्यावर तुटून पडलो. तिथं आमच्या अडत्याकडचा एक हमाल आला आणि टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, "लय वाईट झालं बगा. कवा गेले?"

"कोन कवा गेले?"

मग त्यानं सांगितलं. आमच्याच गावचा गाडीवान गूळ उतरवून पुलावरून येत होता. त्यानं खाली घाटावर कप्तानाचं डोकं होताना पाहिलं. सगळा संघ सुतकी चेहऱ्यानं बसलेला पाहिला. बाप मिरजेत आहे हे त्याला ठाऊकच होतं. अशा वेळी जवळ जाऊन विचारायची पद्धत नाही. त्यानं लांबूनच हात जोडले, गाडी अडतीत सोडली आणि रडत रडत एसटी पकडली, भावकीला कळवायला. ती एसटी सुटून तासभर झाला होता.

हातातला चहा तसाच राहिला. पोराचं डोकं झालं म्हणजे अग्नी दिला गेला. अग्नी दिला गेला म्हणजे घरात कुणाची वाट बघायची नाही. बातमी पोहोचली की बायका गोळा होणार, काकीचं कुंकू पुसणार आणि हिरव्या बांगड्या दगडावर फोडणार, तेही दिवेलागणीच्या आत, कारण दिवा लागल्यावर ते करत नाहीत. आणि तिचा नवरा तिकडे मिरजेत पेज पीत बसलेला. एकदा फुटलेल्या बांगड्या कासार परत भरून देतो, ते खरं. पण आमच्याकडच्या बाईच्या मनात ते काय घर करून बसेल, याची मला पूर्ण कल्पना होती. नवरा जिवंत असताना आपणच त्याला घालवला, हे ती जन्मभर धरून बसली असती.

गावात फोन नव्हता. कडेगावच्या टपालकचेरीत होता, पण तो दिवस रविवारचा.

वस्तादांनी मला गाड्याच्या मागे ओढलं. "कप्तानाला कळता कामा नये. कळलं तर त्यो आत्ता निघंल. तू जा."

"मी? आन कोपरा कोन धरनार?"

"राखीव पोरगं धरंल."

"मग त्या राखीव पोरालाच धाडा की!"

"त्यो जतचा. गावात त्येला वळखतंय कोन? तुजं ऐकतील. तू भावकीतला हाईस, काकी तुजा शबूद मानती."

मी वस्तादांना त्या दिवशी जे बोललो ते इथं लिहीत नाही. केस उतरवायची अक्कल त्यांची आणि फायनल माझी जाणार. उपाशी मीही राहिलो होतो. पण बोलता बोलताच मला काकी फाट्यावर उभी दिसत होती. मी अंगातल्या बनियनवर सदरा चढवला, खाली खेळाची चड्डी तशीच, आणि स्टँडकडे पळालो.

एसटी दोन तासांनी होती. बाजारातून हळद उतरवून रिकामा परत निघालेला एक ट्रक मिळाला. ड्रायव्हर पलूसपर्यंत सोडतो म्हणाला. तासगावच्या रस्त्याला लागलो तरी मला बसल्या बसल्या घाम फुटत होता. ड्रायव्हरनं दोनदा माझ्याकडे पाहिलं.

"कोन गेलं?" त्यानं विचारलं.

"कुनी न्हाई गेलं."

"व्हय," तो म्हणाला आणि गाणं म्हणत होता ते थांबवलं. मधे चहाला थांबायचा त्याचा रोजचा ठेपा होता, तिथंही थांबला नाही. पलूसला उतरताना मी खिशात हात घातला तर म्हणाला, "अशा टायमाला भाडं घेत न्हाईत." मी परत सांगितलं की कुणी मेलेलं नाही. त्यानं माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गियर टाकला. तिथंच मला काहीतरी कळायला हवं होतं.

तिकडे आता सामना सुरू झाला असेल. राखीव पोरगं चपळ होतं, पण घोटा धरायची त्याला घाई. मिलचा तो उंच चढाईवाला बरोबर त्याच्याच कोपऱ्यावर येणार. मी असतो तर एक पाऊल मागे राहिलो असतो. हे सगळं माझ्या डोक्यात चाललं होतं आणि त्याच डोक्यात काकीच्या बांगड्याही होत्या. दुसऱ्या एका उसाच्या ट्रकवर मागे लोंबकळून मी फाट्यापर्यंत आलो. ऊन उतरलं होतं. फाट्यापासून गावापर्यंत मी पळालो, कबड्डीत कधी पळालो नसेन असा.

वेशीत माणसं बसलेली. मला बघितल्याबरोबर एक म्हातारा उठला आणि गळ्यात पडून रडायला लागला.

"आबा, ते जिते हायती! काय सुदिक झालेलं न्हाई!"

"व्हय व्हय, बाळा," म्हातारा म्हणाला. "तसंच सांगायचं असतं. चल, घरला चल."

तेव्हा मला ड्रायव्हरचं थोपटणं आठवलं. आमच्याकडे मरणाची बातमी घेऊन येणारा कधी सरळ 'गेले' म्हणत नाही. 'जरा जास्त हाय, पण जिते हायती, चला' असंच म्हणतो, आणि ऐकणारा काय ते समजतो. मी जितकं ओरडून सांगणार होतो तितकी बातमी पक्की होणार होती.

काकीच्या अंगणात बायका दाटल्या होत्या. मधोमध काकी जमिनीवर बसलेली, डोक्यावरचा पदर पडलेला, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरलेले. तिची थोरली जाऊ समोर बसून तिचं मनगट ओढत होती. जाऊ वाईट बाई नव्हती. रडत रडतच ओढत होती. "आगं, दिवं लागायची येळ झाली. सोड हात. किती ताटकळायचं? पोरानं अग्नी दिलाय." दगड बाजूला आणून ठेवलेला. गाडीवान ओट्यावर बसून आपण पुलावरून काय पाहिलं ते नव्यानं आलेल्यांना सांगत होता. काकी फक्त एकच म्हणत होती, "मी सोता बगितल्याबिगर न्हाई. मी सोता बगितल्याबिगर न्हाई."

मी गर्दीतून घुसलो. "काकी! मालक जिते हायती तुमचे! मी डोळ्यानं बगितलंय!"

अंगणात एकदम रडण्याचा कल्लोळ उठला. सगळ्यांना खात्रीच पटली.

मी वजनाचं सांगितलं. पारड्याचं, पोळ्यांचं, न्हाव्याचं सांगितलं. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. ओट्यावरून कुणीतरी म्हणालं, "वजनासाठी कोन डोकं करतंय का बा जिता असताना? कायतरी बोलतंय पोरगं, मनावर घेऊ नगा." आणि गाडीवानानं शेवटचा घाव घातला. "आवं, फायनल हाय आज सांगलीत. फायनल सोडून ह्यो कशाला आला आसता, काय झालं नसतं तर?"

अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं की मी एका सामन्यासाठी सख्ख्या बहिणीच्या हळदीला उशिरा पोहोचलेला माणूस. असा माणूस फायनल टाकून आला म्हणजे मरणाशिवाय दुसरं कारण असूच शकत नव्हतं.

काकीनं माझ्याकडे मान वर करून पाहिलं. तिचे काखेतले हात सैल पडत चालले होते, मला दिसत होतं ते. जावेनं एक मनगट बाहेर काढलंही. मावळतीचं ऊन त्या हिरव्या बांगड्यांवर पडलं होतं. काकी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "खरं सांग, बाळा. खेळ सोडून का आलास?"

आणि माझं डोकं फिरलं.

"तुमच्यामुळं आलो!" मी ओरडलो. "ह्या गाडीवानाच्या टकुऱ्यामुळं आलो! ह्येला एक पायरी उतरून इचारता आलं न्हाई? पुलावरनं बगतोय आन गावभर बोंबलतोय! आन त्यो वस्ताद! म्हनं केसं हायती! त्यो बसलाय तिकडं मैदानात आन मला धाडलंय हितं! माझा कोपरा त्या जतच्या पोराला दिलाय! त्येला घोटा धरता येत न्हाई! मिलचा उंच गडी त्येच्याच अंगावर येनार, मला म्हाईत हाय! तीन वर्सं मी त्या कोपऱ्यात माती खाल्ली! सकाळपास्नं उपाशी हाय मी! आज फायनल हाय, काकी, फायनल! परत कवा यायची फायनल? आन मी हितं तुमच्या अंगनात उभा हाय, आन तुमी कुनी माझं ऐकंनासा!"

मी तिथंच खाली बसलो आणि रडायला लागलो. हुंदके देऊन. त्या रडण्यात काकी नव्हती, तिचा नवरा नव्हता, बांगड्या नव्हत्या. उन्हातलं ते मैदान होतं, चुन्याच्या रेघा होत्या, आणि माझ्या जागी उभं असलेलं ते दुसरं पोरगं. आता सामना संपलाही असेल, आणि आम्ही जिंकलो की हरलो तेही मला माहीत नव्हतं.

बायकांचं रडणं कधी थांबलं मला कळलं नाही. कळलं ते एवढंच की काकीनं जावेच्या हातातून आपलं मनगट हिसकून घेतलं.

"दगुड उचल हितनं," ती म्हणाली. आवाज आता बारीक नव्हता. "ह्यो माझ्या मालकासाठी रडत न्हाई. खेळासाठी रडतोय. मढ्याची बातमी घिऊन आलेला मानूस असा रडत नसतोय."

जाऊ तोंडाला पदर लावून मागे सरकली. काकी गुडघ्यांवर सरकत माझ्याजवळ आली आणि दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं. तिच्या बांगड्या माझ्या कानाशी वाजत होत्या. मला लाज वाटायला लागली होती, इतक्या माणसांत मी रडणं आवरायला बघत होतो. तिनं माझं तोंड वर केलं.

"थांबू नगंस," ती म्हणाली. "रड बाळा. मोठ्यानं रड. सगळ्यास्नी ऐकू जाऊ दे."